मधुमेह आणि आपले कान



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "साखरेचा आणि कानाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मधुमेहाने दृष्टी जाते, मूत्रपिंडे बिघडतात, पायाची जखम चिघळते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. कानाचे नाव मात्र कोणी घेत नाही. आजोबांना ऐकू येईनासे झाले, की आपण म्हणतो, वय झाले!

पण सारा दोष वयाचाच काय? अमेरिकेत १९९९ ते २००४ या काळात २० ते ६९ वर्षे वयाच्या ५,१४० माणसांची श्रवणशक्ती यंत्राने तपासली गेली. त्यावरचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. खालच्या व मधल्या पट्टीतील आवाज ऐकण्यातला दोष मधुमेह नसलेल्यांत शेकडा ९, तर मधुमेहींत शेकडा २१ आढळला. वरच्या पट्टीत हे प्रमाण ३२ आणि ५४ होते. वय आणि कामावरचा गोंगाट यांचा हिशेब केला, तरी फरक उरलाच.

असे का व्हावे? आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेटोळ्यांची एक चिमुकली नळी आहे. तिच्यातील केसाळ पेशी ध्वनीची कंपने मज्जातंतूंच्या हवाली करतात. या कारखान्याला रक्त पुरवणारी धमनी एकच. ती अडली तर दुसरी वाट नाही. मधुमेहींच्या कानातील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या, मरणोत्तर तपासणीत आढळल्या आहेत. आणि एकदा मेलेल्या केसाळ पेशी पुन्हा उगवत नाहीत.

हे नुकसान बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होते. स, श, फ यांसारखी अक्षरे आधी निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. मग माणूस म्हणतो, "तुम्ही पुटपुटता!" आंधळ्याला आपण हात देतो, बहिऱ्याला हसतो. त्या हसण्याच्या भीतीने तो न ऐकताच मान डोलावू लागतो. आता विचार करा. डॉक्टरांनी इन्शुलिनचे माप 'सहा' सांगितले आणि रोग्याने 'दहा' ऐकून मान डोलावली, तर? मधुमेहाचा सगळा उपचार पथ्य, माप, वेळ अशा ऐकलेल्या शब्दांवर चालतो. तो कानच अधू झाला, तर औषध असून उपयोग काय?

म्हणून माझे मागणे थोडे आहे. मधुमेहींनी डोळ्यांप्रमाणे कानही तपासून घ्यावेत. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. गेलेले परत येणार नाही, पण उरलेले जपता येईल. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि मधुमेह आहे हे आधी सांगावे, कारण त्यावर देतात त्या स्टेरॉइड औषधाने साखर वाढते. श्रवणयंत्राची गरज पडली, तर चष्म्याइतक्या सहजपणे ते लावावे. घरच्यांनी ओरडू नये. समोर बसून सावकाश बोलावे, आणि औषधाचे माप कागदावर लिहून द्यावे.

आपण माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. ही ऐकण्याची शक्ती आपणां सर्वांना अखेरपर्यंत लाभो.