भोजनाची प्रार्थना

(धंतोली येथे धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल दिनी थोर विषयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही मात्र रोजच्या ताटाविषयी चार शब्द सांगणार आहोत. आणि आरंभ आमच्याच एका अपराधापासून करितो.

गेल्या उपवासकाळात एके दुपारी आम्ही भोजनापूर्वीची प्रार्थना म्हटली, क्रुसाची खूण केली आणि कागदपत्रे चाळीत जेवण उरकले. मागाहून स्वयंपाकाच्या बाई ओशाळून म्हणाल्या, "फादर, वरणात मीठ टाकाचंच राहून गेलं. तुम्ही काही बोलले नाही?" आम्हांस ते कळलेच नव्हते! ज्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, त्याकडे आम्ही पाहिलेही नव्हते.

वरण ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या विदर्भाच्या काळ्या मातीत मृगाच्या पावसावर पेरलेली तूर हाती येण्यास पौष-माघ उजाडतो. पेरणारा, निंदणारी, डाळ भरडणारा, चुलीपाशी तिष्ठणारी माउली, इतक्यांचे कष्ट त्या वाटीत असतात. पवित्र मिस्सात भाकर अर्पण करिताना धर्मगुरू भूमीचे दान आणि मनुष्याचे श्रम या दोहोंचे स्मरण करितो. वेदीपाशी ज्या हातांचे स्मरण करावे, त्यांना घरच्या ताटाशी विसरावे काय?

एम्माउसच्या वाटेवर शिष्यांनी प्रभूच्या मुखातून शास्त्रार्थ ऐकला, तरी त्याला ओळखले ते भाकर मोडताना. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात भोजनापूर्वी व भोजनानंतर क्षणभर थांबून आभार मानण्याची प्रथा पुन्हा अंगीकारण्यास सांगितले.

आपण म्हणाल, सर्वांनी एकत्र बसावे तरी केव्हा? आपली धंतोली इस्पितळांची वस्ती. येथे कोणी रात्रपाळीहून येतो, कोणी पहाटे निघतो; घरोघरी एक ताट झाकलेले असते. ते आम्ही जाणतो. म्हणून एवढेच मागतो: उशिरा येणाऱ्याजवळ घरातील एकाने तरी बसावे, मोबाईल दूर ठेवावा, आणि पहिला घास सावकाश चाखून रांधणाऱ्यास दोन गोड शब्द बोलावे. "आमेन" म्हटल्याने प्रार्थना संपत नाही. ती शेवटच्या घासापर्यंत चालते.

त्या दिवसापासून आमच्या मेजावर कागद येत नाहीत. मीठ कमी पडले, तर आता आम्हांस कळते. आणि नेमके पडले, तर तसे आम्ही आवर्जून सांगतो.

प्रभू आपणा सर्वांच्या ताटाशी पाहुणा म्हणून येवो.