परकीय भांडवल आणि सोलापूरचा टॉवेल
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



परकीय गुंतवणुकीचे नियम दिल्लीत ठरतात. तरी सप्टेंबर २०१२ मधल्या एका नियमाने, नावही न घेता, सोलापूरला वेगळं काढलं होतं. अनेक ब्रँडांचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानांत केंद्राने ५१ टक्के परकीय भांडवलाला मुभा दिली आणि महाराष्ट्राने संमती कळवली. मात्र दुकान थाटायचं ते दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरातच. २०११ च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाखांच्या आसपास होतो. पुणे आत, सोलापूर बाहेर! चाटी गल्लीतल्या दुकानदारांना हायसं वाटावं असाच हा आकडा. पुढच्याच वर्षी इतर शहरांचा निर्णय राज्यांच्या हाती गेला.

पण या शहरात दुकानदार आहेत तसे यंत्रमागवालेही आहेत. दुकानदाराला परक्या दुकानापासून आडोसा हवा. चादर-टॉवेल विणणाऱ्याला मोठं गिऱ्हाईक हवं. त्याच्या उपयोगाची अट त्याच नियमात निराळीच होती. किमान दहा कोटी डॉलर आणा, निम्मे गोदामं, शीतगृहं, वाहतुकीत घाला, आणि तयार मालाची ३० टक्के खरेदी देशातल्या छोट्या उद्योगांकडून करा. ही अट पाळल्याचा दाखला मात्र कंपनीनेच स्वतः द्यायचा. सरकार गरज पडल्यास तपासणार. या वाटेने ब्रिटनची टेस्को टाटांच्या ट्रेंटबरोबर आली. झुंबड काही उडाली नाही.

परकीय पैसा आला तो मोबाइलमधून. इतरांचा माल विकून देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेत १०० टक्के परकीय भांडवल चालतं, हे २०१६ मध्ये स्पष्ट झालं. अट अशी की, कंपनीने स्वतःचा माल ठेवून विकायचा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आणखी बंधनं आली : ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी सक्ती विक्रेत्यावर करायची नाही, आणि ज्या विक्रेत्याची २५ टक्क्यांहून अधिक खरेदी त्याच कंपनीच्या गटाकडून होते, त्याचा माल कंपनीचाच धरायचा. हे सगळं विक्रेत्यांच्या रक्षणासाठी. टॉवेल कोणत्या मागावर विणला, हे इथे कुणी विचारत नाही. ३० टक्क्यांची अट या वाटेला लागूच नाही.

मग ती इथेही लावा, असं कुणी म्हणेल. पण देशी खरेदीची सक्ती जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत अडकू शकते. तो वाद वकिलांचा. माझी मागणी साधी आहे. परकीय भांडवलावर चालणाऱ्या प्रत्येक विक्री कंपनीने छोट्या उद्योगांचा किती माल विकला, याचा जिल्हावार हिशेब दरवर्षी जाहीर करावा. तो हाती आला, तर अक्कलकोट रोडवरचा कारखानदार भाव मागताना आणि सरकार अटी घालताना अंदाजावर विसंबणार नाही. गुंतवणुकीची टक्केवारी ठरवून नियमनाचं काम संपत नाही. आलेल्या पैशाने इथल्या मागाला काम मिळालं का, हे तपासण्यापर्यंत ते गेलं पाहिजे.