पडद्यावरची भिंत, घरातली भिंत



घर बांधताना किंवा जुन्या घराची डागडुजी काढताना हल्ली पुष्कळ लोक आधी स्वतःच संगणकावर नकाशा काढून बघतात. मला याचा मनापासून आनंद आहे. ओटा कुठल्या भिंतीला हवा, रात्री उठणाऱ्या आजोबांना न्हाणीघर किती पावलांवर हवं, हे घरातल्या माणसांइतकं बाहेरच्या कुणालाच कळत नाही. मात्र या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘नकाशात कपाट बसलं होतं, घरात बसेना.’ आज या तक्रारीच्या मुळाशी जाऊ.

उदाहरणाला ‘स्वीट होम थ्रीडी’ हा प्रोग्रॅम घेतो, कारण तो फुकट मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. इमान्युएल प्युबारे यांनी २००६ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. त्यात भिंत काढायला घेतली की तिची जाडी आधीच ठरलेली असते, साडेसात सेंटीमीटर. आपल्याकडची बाहेरची विटांची भिंत नऊ इंची, म्हणजे २३ सेंटीमीटर. शिवाय दोन्ही अंगांना गिलावा. ही जाडी बदलायचं बहुतेकांना सुचतच नाही.

आता खरी मेख बघा. आपण टेप लावतो तो खोलीच्या आतून, या भिंतीच्या गिलाव्यापासून त्या भिंतीच्या गिलाव्यापर्यंत. प्रोग्रॅम मात्र भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो. तुम्ही दहा फूट मोजलेत आणि दहा फूटच टाकलेत, तर पडद्यावरची खोली आतून नऊ फूट नऊ इंच होते. मग कुणीतरी सांगतं, म्हणून तुम्ही जाडी २३ करता. आता तीच खोली नऊ फूट तीन इंचांवर येते, आणि माणूस म्हणतो, सॉफ्टवेअरच बिघडलं! बिघडलेलं काही नसतं. आतून मोजलेल्या मापात दोन्ही बाजूंच्या भिंतींची अर्धी-अर्धी जाडी मिळवायची आणि तो आकडा टाकायचा. भिंत ओढत असताना एंटर दाबलं की लांबी आकड्यांत लिहिता येते. माऊसने अंदाजाने ओढत बसू नका.

दुसरं दुखणं कोपऱ्यांचं. हा प्रोग्रॅम भिंतीला पंधरा-पंधरा अंशांच्या कोनांकडे खेचतो. त्यामुळे रेघा सुबक येतात. ही मदत काही नवी नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम तयार केला, तेव्हाच प्रकाशलेखणीने पडद्यावर ओढलेल्या ओबडधोबड रेघा तो समांतर किंवा काटकोनात आणून देत असे. नवं घर आखताना हे वरदानच आहे. पण जुनं घर उतरवून घेताना? वाड्यातली किंवा जुन्या चाळीतली खोली गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असेलच असं नाही. संगणक वाकडा कोपरा सरळ करून दाखवतो, आणि भिंतभर कपाटाची ऑर्डर त्या सरळ कोपऱ्यावर जाते. म्हणून चार भिंती मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. दहा बाय बाराची खोली काटकोनी असेल तर कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतो. एक कर्ण जास्त, दुसरा कमी आला तर खोली तिरकी आहे. मग प्रोग्रॅमची ती चुंबकासारखी ओढ बंद करा आणि भिंत आहे तशीच काढा. ती तिरकी दिसू द्या.

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांचे प्रश्न थोडे वेगळे. कुणाकडून आलेला नकाशा मुंगीएवढा उघडला, तर बहुधा तो इंचांत काढलेला असतो आणि तुमची फाइल मिलिमीटरची असते. २५.४ पटीने मोठा करा. खोलीत हॅच, म्हणजे आतल्या रेघोट्यांची नक्षी, भरत नसेल तर कुठेतरी कोपरा जुळलेला नाही. झूम करत जा, सूतभर फट सापडेल. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांत नकाशे आता संगणक तपासतो. तिथे तर खोलीची रेघ बंद नसेल किंवा चुकीच्या लेयरवर, म्हणजे थरावर, असेल, तर तिचं क्षेत्रफळच धरलं जात नाही. काही वेळा पडद्यावर थ्रीडी काळं दिसतं. अशा वेळी घाबरू नका, बहुतेकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालेला असतो. नकाशा जागच्या जागी असतो.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ऑटोकॅडमध्ये मापाच्या रेघेवरचा आकडा खोडून हाताने दुसरा लिहिता येतो. भिंत नऊ फूट आठ इंचांची निघाली, दहा फूट हवी होती, वेळ नाही, मग वर फक्त ‘१०’ टाइप करतात. नकाशा छान दिसतो. सुतार त्या आकड्यावर प्लायवूड कापतो, आणि वाया गेलेल्या मालाचे पैसे घरमालक तरी भरतो, नाहीतर तो सुतार. त्या दोघांनाही आकडा कुणी बदलला हे कधी कळत नाही. आकडा चुकला असेल तर भिंत हलवा. आकड्याला हात लावू नका.

आता छपाई. प्रिंट देताना ‘कागदावर मावेल असं’ हा पर्याय निवडला की प्रमाण गेलंच. एकास पन्नास किंवा एकास शंभर असं प्रमाण ठरवून द्या आणि कागद हातात आल्यावर शाळेतली फूटपट्टी लावून बघा. एकास पन्नासला दहा फुटांची भिंत कागदावर ६१ मिलिमीटर भरली पाहिजे. ५८ भरली तर तो कागद सुताराच्या हाती देऊ नका, पुन्हा छापा. आणि फळी कापण्याआधी त्याला एकदा घरी बोलावून त्याच्याच टेपने भिंत मोजू द्या.