श्वानपालन, नगरनियम आणि पालकाचे उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



व्यापारात एक जुना नियम आहे : ज्याच्या नावावर माल, त्याच्याच नावावर जोखीम. बाजारपेठेत हा नियम नव्या गुमास्त्यालाही शिकवावा लागत नाही. घरातील कुत्र्याच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली माणसेही तो विसरतात. कुत्रा आपला, त्याचे लाड आपले, त्याच्या जातीचा अभिमानही आपला; परंतु तो शेजारच्या मुलाला चावला की लगेच "त्यानेच डिवचले असेल" असे उत्तर तयार असते. मोकाट कुत्र्यांविषयी आज गावोगावी तावातावाने वाद चालतात. त्या गदारोळात पाळणाऱ्याची जबाबदारी हा मूळ विषय बाजूला पडतो.

या प्रश्नाचा एक जुना धागा मुंबईच्या इतिहासात आणि जैन समाजाच्याही इतिहासात सापडतो. कंपनी सरकारच्या काळात मोकाट कुत्री ठार मारण्याची मोहीम मुंबईत दरवर्षी ठराविक दिवस चाले. सन १८३२ मध्ये तिची मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले. बक्षिसाचा लोभ सुटल्यावर पाळलेले आणि बेवारस हा भेद पकडणाऱ्यांना उरला नाही. लोकांच्या आवारात शिरूनही कुत्री नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला. पाठोपाठ झालेल्या हरताळात हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील झाले आणि फौजेचा शिधासुद्धा अडला. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन श्रेष्ठी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ संस्था उभी राहिली.

हा इतिहास समाजाच्या सभांतून अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्त आहे. परंतु बहुधा हरतालाची अर्धी कथाच सांगितली जाते. "मारू नका" असे म्हणणाऱ्या त्या व्यापाऱ्यांनी "मग सांभाळणार कोण?" या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या खर्चाने दिले. जागा मिळविली, चारापाण्याची तजवीज केली. अशा संस्थांसाठी आपल्या उलाढालीवर लागा बसवून घेण्याची व्यापाऱ्यांची रीत पश्चिम भारतात जुनीच होती. त्यांची दया खातेवहीत नावे टाकलेली होती. आजची दया पुष्कळदा पुडीतील बिस्किटांपाशी थांबते.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये हा दंड एक हजार रुपयांपर्यंतच होता. येथे 'ताब्यातील' हा शब्द ध्यानात घ्यावा. कुत्रा कोणाच्या पैशाने आणला, एवढ्यावर प्रश्न संपत नाही; त्या वेळी तो कोणाच्या हवाली होता, हेही पाहिले जाते. फिरवून आणण्याचे काम घरगड्यावर किंवा दहा वर्षांच्या नातवावर सोपविणाऱ्यांनी याचा विचार केलेला बरा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये हिंस्र कुत्रा मुसके न बांधता रस्त्यावर मोकळा सोडणे आणि कोणाच्या अंगावर कुत्रा घालणे, या दोन्हींना मनाई आहे.

हेच उत्तरदायित्व कुत्र्याच्या बाजूनेही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे हा मालकाचा अपराध ठरतो. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हाही अपराधच. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात दोघांचा नाश्ताही होत नाही. बदली झाली, घर बदलले किंवा कुत्रा म्हातारा झाला म्हणून त्याला महामार्गालगत सोडून येणाऱ्याला एवढ्या दंडाची भीती वाटावी तरी कशी?

सन २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. पाळीव प्राण्याचे लसीकरण, प्रजननावरील नियंत्रण आणि स्थानिक कायद्याप्रमाणे परवाना ही मालकाची जबाबदारी. रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थेची. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना आवश्यक असून त्यासाठी रेबीज लसीचा दाखला द्यावा लागतो. मोटार विकत घेताच नोंदणीसाठी धावणारा गृहस्थ हा परवाना मात्र सहसा काढत नाही, आणि तो कोणी विचारतही नाही. परवाना हा खरे तर एका ओळीचा जमाखर्च आहे : अमुक कुत्रा, अमुक मालक, अमुक तारखेला लस. ती ओळच नसल्यामुळे कुत्रा चावल्यावर मालक "तो आमचा नाही, नुसता दाराशी बसतो" असे म्हणून मोकळा होतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने वेगळाच मार्ग धरला. पिटबुल, रॉटवायलर यांसह तेवीस जाती हिंस्र ठरवून त्यांच्या पालनाला परवाने देऊ नयेत असे राज्यांना कळविले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. जातीवर बंदी घालणे सोपे वाटते. पण निष्काळजी मालकाच्या हाती साधा गावठी कुत्राही धोक्याचाच. त्यापेक्षा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२३ मधील निर्णय व्यवहाराला धरून आहे. चाव्याच्या प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई न्यायालयाने ठरविली. ती प्रथम राज्याने द्यायची आणि मग कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून वा खासगी व्यक्तीकडून वसूल करायची. जखमी माणसाला कचेऱ्यांचे खेटे नकोत आणि दोषी सुटायलाही नको, हे दोन्ही त्यात साधले आहे.

मोकाट कुत्र्यांविषयी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाचे लागोपाठ आदेश झाले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची मूळ जागी सोडावीत असे सांगण्यात आले. वाटेल तेथे रस्त्यावर खाऊ घालण्यास मज्जाव होऊन त्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले गेले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्री हटवून पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश आले. वर्तमानपत्रांत या आदेशांवर रकाने भरले. पण २२ ऑगस्टच्या आदेशातील एका कलमाकडे फारसे लक्ष गेले नाही. प्राणिप्रेमींनी अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घ्यावेत आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे त्यात म्हटले आहे. मोतीशा शेठांच्या पिढीला हे कलम समजावून सांगावे लागले नसते.

जैन श्रावकाला तर हा विचार नवा वाटू नये. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्राने सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढे ओझे लादणे, दाणापाणी तोडणे. नीट पाहिले तर हे दोष जनावर बाळगणाऱ्या गृहस्थाचे आहेत. सहा तास बाल्कनीत बांधलेला आणि भुंकून भुंकून घसा बसलेला अल्सेशियन हे बंधाचेच उदाहरण होय.

निर्बीजीकरण म्हणजे छविच्छेद नव्हे काय, अशी शंका काही श्रद्धाळू मंडळी विचारतात. शंका प्रामाणिक आहे, म्हणून ती झटकून टाकणे योग्य नाही. परंतु भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया एका पारड्यात ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजावे लागते. एका मादीला वर्षातून दोनदा वीत होऊ शकते, आणि त्यांतील कितीतरी पिल्ले पावसाळ्यात गटाराकाठी किंवा चाकाखाली संपतात. शिवाय पहाटे अनवाणी विहार करणाऱ्या साधू-साध्वींमागे कुत्र्यांचा कळप लागतो, तेव्हा मागच्या गल्लीत रोज टोपलीभर पोळ्या टाकणाऱ्या श्रावकाला त्याची वार्ताही नसते. खाऊ घालणे थांबवावे, असे येथे कोणाचेच म्हणणे नाही. ज्या गल्लीत पोळी टाकली जाते, त्याच गल्लीतील कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेची व लसीची काळजी त्याच हाताने घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

गृहनिर्माण संस्थांनीही आपली मर्यादा ओळखावी. सभेत बहुमत झाले तरी कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मात्र सामाईक जागेत पट्टा बांधूनच फिरवावे, विष्ठा स्वतः उचलावी, परवान्याची व लसीची प्रत कार्यालयात द्यावी, एवढे ठराव कोणत्याही समंजस श्वानपालकाला मान्य होतील.

आणि एवढे करूनही कुत्रा चावलाच, तर हळद, चुना, तिखट किंवा मंत्र यांत वेळ दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल वा रक्ताळलेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनविषयी डॉक्टरांना विचारावे. पूर्वीची पोटातील चौदा इंजेक्शने आता नाहीत. दंडावर चार-पाच वेळा लस घेतली की भागते. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रेबीजवर उपचार जवळजवळ नाहीच. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते, पण त्यासाठी तो कोणाचा हे ठाऊक असावे लागते. कुत्र्याची रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि नंतर दरवर्षी. मालकाच्या नावासह ती तारीख संस्थेच्या वहीत लिहून ठेवण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.