उघडी विद्या आणि झाकलेली वाट

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात निंबोला येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिन हा हिशेबाचा दिवस असतो. किती वर्षे लोटली, पाठशाळेतून किती विद्यार्थी अध्ययन पुरे करून गेले, कोणते जीर्णोद्धार झाले, याचा आढावा या दिवशी घेतला जातो. परंतु ज्या ठेवीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही अशी एक ठेव प्रत्येक मठापाशी असते. ती म्हणजे भक्तांचा विश्वास. पूर्वी ही ठेव उंबरठ्यावर समक्ष दिली जाई. भक्त येई, संकल्पासाठी नाव, गोत्र, नक्षत्र सांगे, घरातले दुखणे हळू आवाजात कानावर घाली, देणगी हाती ठेवी आणि पावती घेऊन जाई. आज त्याच घराण्यातील मुलगा पुण्यास, सुरतेस अथवा समुद्रापलीकडे राहतो आणि हे सर्व मोबाइलच्या लहानशा पडद्यावर लिहून पाठवितो. लहानमोठ्या मठांची, देवस्थानांची व पाठशाळांची संकेतस्थळे आता सर्वत्र दिसतात, आणि ती बहुधा एखादा सेवेकरी फावल्या वेळी सांभाळीत असतो. समक्ष दिलेल्या ठेवीची जी राखण होत असे, तीच दुरून आलेल्या ठेवीची कशी व्हावी, हा या व्याख्यानाचा विषय होय.

संकेतस्थळाची जोडणी कूटबद्ध करावी, असे म्हणताच एक आक्षेप नेहमी पुढे येतो. मठाची विद्या सर्वांसाठी खुली आहे. पंचांग, उत्सवपत्रिका, प्रवचने यांत लपविण्यासारखे काहीच नाही. मग कुलूप कशासाठी? ही गोष्ट बँकांनी करावी, सरकारी कचेऱ्यांनी करावी. लहानशा मठास तिची गरज ती काय? हा आक्षेप सद्भावनेतून येतो, म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक दिले पाहिजे.

प्रथम संदेश प्रवास कसा करतो ते पाहावे. भक्ताच्या मोबाइलवरून निघालेला मजकूर थेट मठाच्या सर्व्हरवर पोहोचत नाही. घरातील अथवा स्थानकावरील वायफाय, दूरसंचार कंपनीची यंत्रणा, मधली अनेक केंद्रे, अशा अनेक हातांतून तो पुढे जातो. जोडणी उघडी असेल, तर वाटेवरील प्रत्येकास तो पोस्टकार्डासारखा वाचता येतो; इतकेच नव्हे, तर बदलताही येतो. 

या भागातील लोकांस ही गोष्ट समजावून देण्यास दूर जावे लागत नाही. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सर्वांच्या परिचयाचा आहे. अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरास पुरविण्याची ही योजना आकारास आली. शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींस भुयारी वाटेने जोडलेल्या आहेत. पाणी सर्वांच्याच पिण्यासाठी होते, ते गुप्त नव्हते. तरीही त्याची वाट झाकलेली होती, कारण उघड्या पाटात कोणीही घाण टाकू शकतो, आणि वैऱ्याने विष कालविले तर ते प्यायल्यावरच कळावयाचे. आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. पाणी सर्वांचे असले तरी त्याची वाट झाकावी लागते. किंबहुना ते सर्वांचे आहे म्हणूनच झाकावी लागते.

कूटबद्ध जोडणी, म्हणजे जिच्या पत्त्याच्या आरंभी एच्.टी.टी.पी.एस्. ही अक्षरे येतात ती, तीन गोष्टींची हमी देते. पहिली गोपनाची: वाटेवरील कोणासही मजकूर वाचता येत नाही. दुसरी ओळखीची: समोरचा सर्व्हर त्या पत्त्याचाच आहे, तोतया नाही. तिसरी अविकृततेची: पाठविलेले अक्षर जसेच्या तसे पोहोचले आहे. मराठेशाहीतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे व शेवटी मोर्तब असे. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे, आणि मोर्तबाने मजकूर कोठे संपला ते ठरे, म्हणजे खाली कोणास ओळ वाढविता येत नसे. शिक्कामोर्तब हा आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द याच दक्षतेची आठवण देतो.

या तिसऱ्या हमीचे महत्त्व वेदपाठशाळेत शिकलेल्यास विशेष पटावे. संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने उलटसुलट म्हटले जातात. एका पाठात चूक शिरली तर ती दुसऱ्या पाठाशी जुळत नाही आणि तत्काळ उघड होते. लेखनाच्या आधाराविना शेकडो पिढ्या अक्षर अन् अक्षर राखले गेले ते अशा युक्तीने. कूटबद्ध जोडणीतही प्रत्येक तुकड्याबरोबर गणिताने काढलेली एक खूण जाते. वाटेत एक अक्षर जरी बदलले, तरी ती खूण जुळत नाही आणि तो तुकडा नाकारला जातो. हे भय काल्पनिक नव्हे. २०१५ साली बंगळुरू येथे असे उघडकीस आले की, एक दूरसंचार कंपनी आपल्या ग्राहकांनी पाहिलेल्या उघड्या पृष्ठांत स्वतःचा सांकेतिक मजकूर घुसवीत होती. जेथे असा मजकूर घुसविता येतो, तेथे देणगीच्या पृष्ठावरील खाते-क्रमांकही बदलता येतो. मग भक्ताचे पैसे भलत्याच्या हाती जातात आणि बोल मठास लागतो.

संदेश झाकण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या गूढलेखनाचा उल्लेख येतो. चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्प या नावाने सांकेतिक भाषेची गणना आहे. मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे होय. आपले ग्रंथ अनधिकारी हाती पडू नयेत म्हणून त्या पंथाने सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपी योजल्या. त्यामुळे लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ कित्येक शतके पंथाबाहेरील विद्वानांस अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, आणि तिच्यात लिहिलेल्या पोथ्या बाहेरच्या अभ्यासकांसही वाचता येऊ लागल्या. पंथाच्या निष्ठेस येथे काडीइतकेही उणे आणावयाचे नाही. परंतु त्या इतिहासातून एक धडा निघतो. अक्षराऐवजी अक्षर ठेवण्याची रीत हीच जेथे किल्ली असते, तेथे रीत कळली की सर्व काही एकदम उघडते.

आधुनिक कूटशास्त्राने हा धडा १८८३ सालीच सूत्ररूपाने मांडला. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पंडिताने सांगितले की, रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. आजच्या जोडणीची रीत जगजाहीर आहे. ती कोणीही तपासावी आणि दोष दिसल्यास दाखवावा.

पण ज्यांची पूर्वी कधी भेटच झाली नाही, अशा दोघांनी उघड्या वाटेवर समान किल्ली ठरवावी कशी? या कोड्याचे उत्तर १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केले. लहान आकड्यांनी ते असे दाखविता येते. ३ आणि १७ हे दोन आकडे सर्वांस ठाऊक आहेत. भक्ताचा मोबाइल मनात २ धरतो. तो ३ चा वर्ग, म्हणजे ९, उघडपणे पाठवितो. मठाचा सर्व्हर मनात ३ धरतो. ३ चा घन २७, त्यास १७ ने भागल्यास बाकी १०, ती तो उघडपणे पाठवितो. आता मोबाइल आलेल्या १० चा वर्ग करतो: १००, आणि १७ ने भागल्यावर बाकी १५. सर्व्हर आलेल्या ९ चा घन करतो: ७२९, आणि १७ ने भागल्यावर बाकी तीच, १५. किल्ली ठरली, आणि ती वाटेवरून एकदाही गेली नाही. येथे आकडे लहान असल्याने ऐकणाऱ्यास मनातील संख्या शोधता येईल. प्रत्यक्षात संख्या प्रचंड आणि गणित अधिक गहन असते, म्हणून तो शोध आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर राहतो. याच पायावर १९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीची एस्.एस्.एल्. ही पद्धत आली. १९९९ मध्ये तिची जागा टी.एल्.एस्. या पद्धतीने घेतली, आणि २०१८ मध्ये तिची १.३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

किल्ली ठरली तरी ती खऱ्या मठाशीच ठरली, हे कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्र लागते. पूर्वी त्यास वर्षाकाठी पैसे मोजावे लागत, आणि लहान संस्था तेथेच थबकत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने अशी प्रमाणपत्रे सर्वांस विनामूल्य देण्यास आरंभ केला. खातरजमेची रीत खूण पटविण्यासारखी आहे. प्रमाणपत्र देणारी संस्था एक यादृच्छिक अक्षरमाला सांगते आणि ती संकेतस्थळावर अमुक जागी ठेवण्यास फर्मावते. तेथे ती आढळली, तर त्या पत्त्याचा ताबा मागणाऱ्याकडे आहे हे सिद्ध होते. हे सर्व काम यंत्रच काही क्षणांत करते.

मात्र या प्रमाणपत्रांची मुदत थोडी असते. आरंभापासून ती ९० दिवसांची ठेवली गेली, आणि येत्या काही वर्षांत ती आणखी कमी करण्याचे ठरले आहे. मुदत संपत आल्याची सूचना देणारी पत्रे ही संस्था पूर्वी पाठवीत असे. जून २०२५ पासून तिने ती बंद केली. म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था लावावी, आणि ती चालते की नाही यावर माणसाने नजर ठेवावी. नंदादीप तेलावाचून तेवत नाही. एकदा लावला म्हणून कोणी पुजारी निश्चिंत झोपत नाही.

आता या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अर्धवट माहितीतून येणारी निर्धास्तता अज्ञानाहून घातक असते. निंबोल्याच्या शेजारी असीरगड उभा आहे. दख्खनचे द्वार म्हणून ख्याती पावलेला हा दुर्ग १६०१ साली अकबराच्या हाती आला. तो बळाने जिंकला गेला नाही, आतील अधिकाऱ्यांस सोने देऊन फोडण्यात आले, असे काही इतिहासकारांचे मत आहे. कूटबद्ध जोडणी ही तटबंदी होय. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द सोपा असेल, तो चार जणांस ठाऊक असेल, अथवा सर्व्हरवरील जुन्या प्रणालीची डागडुजी झाली नसेल, तर तट अभंग असूनही दरवाजा आतून उघडतो. शिक्का देणारेही क्वचित चुकतात. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळले, आणि ती रद्द करावी लागली. 

आणखी एक गोष्ट भक्तांनी पक्की ध्यानात ठेवावी. प्रमाणपत्र पत्त्याची ओळख देते, चारित्र्याची नाही. ठकानेही मठाच्या नावाशी मिळताजुळता पत्ता घेतला तर त्यास रीतसर प्रमाणपत्र मिळते. क्रोम या ब्राउझरने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून टाकले, त्याचे एक कारण हेच होते की लोक त्या चिन्हाचा अर्थ ‘हे स्थळ विश्वासू आहे’ असा घेत.

तेव्हा कर्तव्ये स्पष्ट आहेत. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या सेवेकऱ्याने प्रमाणपत्र घ्यावे. जुन्या उघड्या पत्त्यावर येणाऱ्यास आपोआप सुरक्षित पत्त्याकडे वळवावे. पृष्ठातील चित्रे व ध्वनिफितीही त्याच झाकलेल्या वाटेने याव्यात हे पाहावे. आणि जी माहिती लागत नाही ती भक्ताकडून मागूच नये. विश्वस्तांनी पत्त्याची नोंदणी एकट्या व्यक्तीच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर ठेवावी, म्हणजे सेवेकरी बदलला तरी किल्ल्या मठातच राहतील. भक्तांनी देणगीपूर्वी पत्ता अक्षर अक्षर वाचावा, ब्राउझरने असुरक्षिततेचा इशारा दिल्यास तेथे काहीही लिहू नये, आणि शंका आल्यास मठाच्या कार्यालयात विचारावे.

ज्या मठात विद्येस दार नाही, त्याच मठात भक्ताच्या संकल्पास, त्याच्या घरच्या दुखण्यास आणि त्याच्या घामाच्या पैशास राखणदार असला पाहिजे. दूरदेशी बसलेल्या एखाद्या वृद्धेने आजारी नातवाचे नाव अभिषेकासाठी लिहून पाठविले, तर ते नाव देवापुढे उच्चारले जाईपर्यंत वाटेतील परक्या कानांवर पडू नये. एवढी काळजी वाहणे हा सेवाधर्माचाच भाग होय, आणि आता तिला द्रव्यही लागत नाही. लागते ती केवळ नित्याची जागरूकता. ती जागरूकता सर्वांच्या ठायी वसो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.