कॅमेऱ्याची आठवण

सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीचं दार सकाळी चेपलेलं दिसलं, की संशय आधी शेजाऱ्यावर जातो. मग जुनी भांडणं आठवतात. कॅमेऱ्याला मात्र फार दिवसांचं आठवत नाही. डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढतं. अनेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत.

म्हणून त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. गाडी धड अशी शेवटची कधी पाहिली आणि चेपलेली कधी दिसली, या दोन वेळा लिहाव्यात. तेवढं चित्रण जपून ठेवा, ही विनंती पहिली. पाहू द्या, ही दुसरी. नकार मिळाला तर पोलिसांत तक्रार द्यावी. तपासासाठी ते चित्रण मागवू शकतात.

प्रकरण कोर्टात गेलं, तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं.

हाती आलेलं चित्रण व्हॉट्सॲपवर फिरवू नये. त्यात इतरांची येजाही असते. कदाचित धक्का दूधवाल्याच्या टेम्पोने दिलेला असेल. ते वेळेत कळलं, तर शेजाऱ्याशी बोलणं तरी तुटणार नाही.