बढती आणि बरोबरीचे
खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं एकत्र घाम गाळलेले एकमेकांना ‘कोर्समेट’ म्हणतात. भूदलात त्यांची पुढची वाटही बराच काळ सोबतच चालते. अधिकारी म्हणून रुजू झाल्यावर दोन वर्षांनी कॅप्टन, सहाव्या वर्षी मेजर, तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. ठरलेल्या परीक्षा आणि निकष पार पडले, की इथवर बहुतेक सगळे पोहोचतात.

खरी चाळणी कर्नलच्या हुद्द्यापाशी लागते. निवड मंडळापुढे गोपनीय अहवालांची तुलना होते आणि जागा मोजक्याच असतात. मग एक मित्र पलटणीचा प्रमुख होतो, दुसरा मागे राहतो. पुढे वयाचाही हिशेब आहे: कर्नल ५४व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६व्या, मेजर जनरल ५८व्या. म्हणजे वरचा हुद्दा नोकरीची वर्षंही वाढवतो.

जवानांमध्ये बढतीने मैत्रीत होणारा बदल मला अधिक टोकदार वाटतो. एकाच गावचे दोघे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात भरती झाले, एकाच बराकीत राहिले. त्यातला एक हवालदाराचा नायब सुभेदार झाला, की त्याची मेस वेगळी, आणि कालपर्यंत नावाने हाक मारणारा दोस्त त्याला ‘साहेब’ म्हणू लागतो. रजेची यादी आता त्याच्या हातून जाणार. दोस्ताला झुकतं माप दिलं तर बाकीचे कुजबुजणार, नाही दिलं तर दोस्त रुसणार. सुट्टीत गावच्या पारावर मात्र दोघं पुन्हा अरे-तुरेवर येतात.